खंडेनवमीचा कठडा

बेळगावात, टिळकवाडीतल्या माझ्या फ्लॅटवर राहायला चल म्हणून मी आईच्या किती वर्षं मागे लागले होते. तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "तुझ्या घरात मी आंधळी हाय गं. हितं न्हाय." काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे नेले होते, उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा. पण गावच्या घरात ती कुणाचा हात न धरता फिरायची. भिंतीला बोटं लावून चालायची. कुठं उंबरा आहे, कुठं पायरी, कुठं वहिनीनं मधेच बादली आणून ठेवली आहे, हे तिला पाऊल पडायच्या आधी कळायचं, आणि मग बादलीपायी वहिनीचा उद्धार व्हायचा. स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या मर्जीनं फिरणं एवढंच तिचं म्हणून काही उरलं होतं. ते राहावं यासाठी अण्णानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, घरामागं लाकडी डेक बांधला.

आमचं गाव पिरनवाडीच्या पुढं, खानापूरच्या अंगाला. पिरनवाडीत अण्णाचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, शटर, खिडक्यांच्या जाळ्या, यांत त्याचा जन्म गेला. घराच्या मागं पूर्वी गोठा होता. जनावरं गेली, गोठा पडायला आला, तेव्हा अण्णानं तो उतरवला आणि त्या जागी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला बरोबर लागून फळ्यांचा डेक केला, म्हणजे आईला एकही पायरी उतरावी लागू नये. ती तिथं उन्हाला बसेल, शेंगा फोडेल, शेताकडून येणारा वारा खाईल. पण आमचं परसू उतरतं आहे. डेकच्या पलीकडच्या कडेला खाली पुरुषभर खोली होती आणि तळाला गोठ्याच्या जोत्याचे दगड तसेच राहिले होते. तेव्हा प्रश्न होता तो कठड्याचा.

आईला जाळी नको होती. "जल्मभर लोकांस्नी पिंजरं करून दिलास. मला नको घालूस त्यात," असं ती अण्णाला म्हणाली. वहिनीनं कुठल्याशा फार्महाउसवर केबलचा कठडा बघितला होता: खांबांमधून आडव्या स्टीलच्या केबली, एकीवर एक, ताणून बसवलेल्या. वहिनी म्हणाली, त्यातून शेत मोकळं दिसतं. आंधळ्या बाईच्या कठड्यातून काय दिसतं याची चर्चा ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, आणि मी ते बोलूनही दाखवलं. पण आईला वारा अडायला नको होता, आणि हाताला धरायला सलग काहीतरी हवं होतं. केबल या टोकापासून त्या टोकापर्यंत हातात राहते. तिनंच केबल ठरवली.

खांब गोठ्याचेच. किंजळाचे जुने वासे अण्णानं कापून उभे केले. लाकूड अजून लोखंडासारखं होतं, पण वरून तडकलेलं, खिळ्यांच्या भोकांनी भरलेलं. म्हणून वहिनीच्या हट्टानं बेळगावच्या एका दुकानातून कंपोझिटची कव्हरं आणली. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून केलेला तो चौकोनी पोकळ डबा असतो; उशीला अभ्रा घालावा तसा खांबावर वरून चढवायचा. दिसायला खांब एकदम नवे झाले. आईनं कव्हर घातलेल्या खांबावरून हात फिरवला आणि विचारलं, "आतला तोच हाय नव्हं?" अण्णा म्हणाला, "तोच हाय." ती म्हणाली, "मग झाकलास कशाला?"

अण्णानं याआधी केबलचे कठडे केले होते, पण लोखंडी खांबांवर. या पोकळ कव्हरानं त्याला चांगलंच खेळवलं. भोकं पाडून केबल ओवली, टोकाला वॉशर आणि नट लावून पान्यानं आवळायला घेतली, तर वॉशर कव्हरातच रुतला. कव्हर आणि लाकूड यांच्या मधे बोटभर पोकळी. सगळा जोर त्या पातळ भिंतीवर आला आणि ती आत चेपली. अण्णानं शिव्या घातल्या, मग बिडी ओढली, मग सगळं परत उतरवलं. प्रत्येक भोकात लाकडापर्यंत पोचणारा नळीचा तुकडा बसवायचा, म्हणजे ताण कव्हरावर न येता खांबावर येईल, असं त्यानं ठरवलं. घाईनं केलं असतं तर चाललंही असतं थोडे दिवस. पण आईचं काम होतं. एकेक नळी मापून, कापून, घासून बसवता बसवता नवरात्र सरत आलं. अष्टमीला संध्याकाळी केबली ओवून झाल्या आणि हातानं नट फिरवून जेवढ्या बसतात तेवढ्या बसल्या. पान्यानं ताण द्यायचा तेवढा राहिला.

आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं बसतात. शेतकऱ्याचा विळा, सुताराची करवत, अण्णाचा ग्राइंडर, ड्रिल, पाने, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडू वाहायचा. गाड्यांना हार, चाकापुढं कोहळा फोडायचा. आणि एकदा हत्यार पाटावर बसलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबलं, त्यानं एक दिवस बसायचं. एरवी अण्णाची पूजा दुकानात व्हायची. त्या वर्षी घरचं काम चाललेलं, म्हणून हत्यारं घरी होती आणि पाट देव्हाऱ्यापुढंच मांडला होता.

मी बेळगावहून फुलं घेऊन गेले तेव्हा तो पाना पुसत होता. मी मागं जाऊन केबल ओढून बघितली. दोरीवरचे कपडे वाऱ्यानं हलावेत तशी हलली. परत येऊन मी म्हटलं, "अण्णा, पूजा मांडायच्या आधी तेवढा ताण देऊन टाक की."

"घटकाभराचं काम न्हाय ते. वरनं खाली जाऊन चालत न्हाय, मधल्यापासनं आळीपाळीनं आवळाय लागतंय. एक आवळली की दुसरी सैल पडती."

"मग पूजा दुपारी मांड."

"धुतलीत हत्यारं. आता न्हाय."

"आई जाईल तिथं."

"कडी हाय दाराला. तिला सांगितलंय मी, उद्यापासनं जायचं म्हणून. उद्या सोनं वाटायच्या आधी करून देतो." आणि त्यानं पान्याला कुंकू लावून तो पाटावर ठेवला. आमचे आप्पा, म्हणजे वडील, त्यांनीही कधी खंडेनवमीला विळा उचलला नव्हता. मी चिडले, पण त्या घरात पाटावरच्या हत्याराबद्दल भांडून कुणी कधी जिंकलेलं नाही.

दुपारी गल्लीतली माणसं पूजेला आली. बायका मागं डेक बघायला गेल्या. वहिनीनं कडी काढून दाखवला. नवं काहीतरी केल्यावर ते दाखवल्याशिवाय कुणाला राहवतं? सगळ्यांचं एकच: लई भारी झालंय, शहरातल्यागत झालंय. स्टीलच्या केबली उन्हात चमकत होत्या. हा केबलचा कठडा दिसायला असा लबाड आहे, की ताण दिलेला आणि न दिलेला लांबून अगदी सारखाच दिसतो. आई स्वयंपाकघरात पाटावर बसून ते कौतुक ऐकत होती. मग पुढं अण्णाच्या पिकअपपुढं कोहळा फोडायची वेळ झाली, हाका आल्या, सगळ्या बायका पुढच्या दारी आल्या. कडी लावायची राहिली.

कोहळा फुटला. माणसं हसत होती, पोरं फोडी उचलत होती. मागून आवाज आला असेल तर आम्हा कुणाला तो ऐकू आला नाही. वहिनी ताट आणायला आत गेली आणि तिनं अण्णाला जी हाक मारली, ती हाक मी जन्मात विसरणार नाही.

मधल्या दोन केबली झोळीसारख्या बाहेर लोंबत होत्या. तुटलं काहीच नव्हतं. आई त्यांच्यामधून खाली गेली होती, जोत्याच्या दगडांवर. ती शुद्धीवर होती. रडतही नव्हती. "माझा पाय कुठाय बघा गं," एवढंच म्हणत होती.

चौघांनी तिला उचलून पिकअपमधे ठेवलं. बॉनेटवर झेंडूचा हार तसाच होता; रस्ताभर लोक बाजूला होऊन बघत होते, बहुधा मिरवणूक वाटली असेल. मी आईचं डोकं मांडीवर धरलं होतं. अण्णा गाडीत चढला नाही. "चल की रं!" म्हणून मी ओरडले. तो परसाकडं तोंड करून उभा राहिला. गाडी शेजाऱ्यानं चालवली. दवाखान्यात खुबा मोडल्याचं कळलं, ऑपरेशन सांगितलं, सह्या मी केल्या, आणि प्रत्येक सहीबरोबर भावाच्या नावानं बोटं मोडली.

ऊन कलल्यावर आईचे कपडे न्यायला मी गावी परत आले. घर चिडीचूप होतं. देव्हाऱ्यापुढचा पाट अर्धा रिकामा. झेंडूची फुलं देव्हाऱ्यापासून मागच्या दारापर्यंत सांडलेली. अण्णा डेकवर गुडघ्यांवर बसला होता, कुंकू लागलेला पाना हातात, आणि शेवटची केबल आवळत होता. तळव्यांना फोड आले होते, कुंकू आणि रक्त यातलं काय कुठलं ते कळत नव्हतं. जन्मात त्यानं पाटावरचं हत्यार उचललं नव्हतं. तो पाळत आलेलं सगळं त्यानं त्या दुपारी मोडलं होतं, आणि तेही आई पडून गेल्यावर.

"बघ," तो म्हणाला, "आता हत्ती रेलू दे." त्यानं बोटानं केबल छेडली. ती खणखणीत वाजली.

मला त्याला मारावंसं वाटलं. खरंच वाटलं. "आता कुणासाठी रं?" मी म्हणाले. त्यानं पुढच्या नटाला पाना लावला, जो आधीच घट्ट होता. मी आईची दोन लुगडी पिशवीत घातली आणि निघाले.

आई त्यानंतर चालली नाही. ऑपरेशन झालं, पण पायात जोर आला नाही, आणि गावच्या घरी तिला उचलायला दिवसभर माणूस नव्हतं. शेवटी ती माझ्याकडंच आली, टिळकवाडीत, दुसऱ्या मजल्यावर. इथं तिच्या खाटेला दोन्ही बाजूंनी दांड्या आहेत. भिंत कुठल्या बाजूला आहे तेही ती विचारत नाही. मी शाळेत शिकवून येईपर्यंत एक बाई असते. ती सांगते, म्हातारी दिवसभर बोटं हलवत असते, काहीतरी चाचपत. मला तिला घरी आणायचं होतं ते असं नव्हे.

पावसाळ्यात एकदा मी तिच्या पाठीला तेल लावत होते. तिनं आपणहून विषय काढला.

"मला कळलं होतं गं."

"काय?"

"हात लावल्यावरच कळलं. सैल हाय. वाळवणाच्या दोरीगत हालली."

"मग रेललीस कशाला?"

"सगळ्या बायका भारी म्हणूलालत्या. त्यास्नी दिसतंय, मला दिसत न्हाय. म्हटलं ही नवी तऱ्हा असंल, अशीच हालती असंल. पोरानं केलंय. त्यानं केलेलं कधी सैल असतंय व्हय?" तिनं खाटेची दांडी चाचपली. "जल्मभर हातावर इस्वास ठेवलो. त्येच एकदा न्हाय ठेवलो."

मी तेलाची वाटी खाली ठेवली आणि तिच्या पाठीशी तशीच बसून राहिले. तिनं मागं हात करून माझं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं. "त्याला सांगशील तर बघ."

अण्णा दर रविवारी येतो. भाजी आणतो, तिच्या पायांशी बसतो, नखं काढून देतो. त्याचे केस एका वर्षात पांढरे झाले. दुकान चालू आहे, पण केबलचं काम तो घेत नाही. कुणी विचारलं तर येत नाही म्हणून सांगतो. आणि दर रविवारी, निघायच्या आधी, तो तिला तेच विचारतो. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी असते.

"आई, पाय घसरला नव्हं गं तुझा?"

"व्हय रं बाळा," ती म्हणते. "पायच घसरला. केबल लई घट्ट होती."