गिनी गवतातली हाक

ते गवत मीच लावलं. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयच नाही.

त्र्यंबक रोडच्या पुढे एका बोडक्या डोंगरावर आम्ही सात-आठ निवृत्त मंडळी दर रविवारी झाडं लावायला जायचो. खैर, पळस, धावडा, अंजन, सगळी इथलीच. पण पावसात माती वाहून जायची आणि रोपांची मुळं उघडी पडायची. मग मी वणीजवळच्या बहिणीच्या शेतावरून गिनी गवताची ठोंबं आणून, पाणी अडवायला खणलेल्या चरांच्या कडेने लावली. चाऱ्याचं परदेशी गवत, माती घट्ट धरतं म्हणे. जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं ही खोड काही जात नाही.

पायथ्याच्या वाडीतली एक बाई तिथे शेळ्या चारायची. मी सुवाच्य अक्षरात ‘चराई बंद’ अशी पाटी लिहिली आणि तिला अर्ध्या डोंगरावरून हुसकावलं. जाताना ती म्हणाली होती, हे गवत वाळलं की शेळ्या तोंड लावत नाहीत, आणि पेटलं की कुणाच्या बापाला ऐकत नाही. मी म्हटलं, तुम्ही तुमच्या शेळ्या सांभाळा.

तीन पावसाळ्यांत ते गवत डोक्याच्या वर गेलं. त्याच्याखाली इथलं पवन्या गवत दबून नाहीसंच झालं. उन्हाळ्याच्या तोंडाशी सगळं वाळून कुरकुरीत व्हायचं आणि वारा सुटला की असं सळसळायचं की मला त्या बाईचे शब्द आठवायचे. पण सांगते कुणाला? माझंच कर्तृत्व.

होळीच्या आधीच्या रविवारी आम्ही जाळरेषा काढायला गेलो. म्हणजे गवत कापून मातीचा मोकळा पट्टा करायचा, वणवा आला तर तिथे अडावा म्हणून. आमच्या ह्यांनी स्वतःच्या हाताने एक अंजन लावलं होतं. त्याला पाणी घालून येतो म्हणाले आणि कॅन घेऊन गवतात शिरले. दहा पावलांत दिसेनासे झाले.

आधी वास आला. मग खालच्या अंगाने तडतड ऐकू आली आणि बघता बघता धूर वर चढायला लागला. कोयते टाकून सगळे पायवाटेकडे पळाले. मी माणसं मोजली. एक कमी होता.

“अहो!” मी ओरडले. “अहो, अहो!”

पुढे पळणारे दोघे थांबून माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्याही बायका त्यांना अहोच म्हणतात. गवतातून मात्र कुणी बाहेर येईना. मी आत धावणार तेवढ्यात कुणीतरी माझा दंड धरला. ती शेळ्यावाली होती. धूर बघून पलीकडच्या उतारावरून आली होती.

“बाई, नावानं हाक मारा की,” ती म्हणाली. “अहो कुणाचं, हे त्यास्नी कसं कळंल? आन् हिकडं बोलवा, माझ्या शेळ्यांच्या रानात. तिथं जळाया काय नाय.”

अडतीस वर्षं संसार केला, पण ते नाव मी फक्त उखाण्यात घेतलं होतं. आता छाती फुटेस्तोवर घेतलं. चार वेळा, पाच वेळा. आवाज चिरकला, पुढे नुसता धूर. संपलं सगळं, असं मला स्पष्ट वाटलं.

मग गवत हललं आणि ते बाहेर आले. भुवया करपलेल्या, हातात रिकामा कॅन तसाच. आम्ही दोघींनी त्यांना ओढत शेळ्यांनी चरून साफ केलेल्या उतारावर नेलं. वणवा त्या कडेपर्यंत आला आणि विझला. आमच्या अर्ध्या डोंगरावर काही शिल्लक राहिलं नाही.

हे म्हणाले, ‘अहो’ ऐकू आलं होतं, पण वाटलं, चहाला बोलावतेयस. नाव ऐकलं तेव्हा कळलं की काहीतरी भयंकर झालंय.

ती पाटी मीच उपटली. शेळ्यावालीची मी माफी मागितली, तर ती नुसती हसली. आता कोवळं गिनी तिच्या शेळ्या खातात, उरलेली ठोंबं आम्ही मुळासकट खणतो आणि तिथे पवन्याचं बी टाकतो. पळस, खैर बुंध्यातून पुन्हा फुटले. अंजन गेलं. पण जळलेल्या ठोंबांतून गिनी सगळ्यांच्या आधी वर येतं, हिरवंगार, आणि ते बघितलं की मला धडकी भरते. कॉलनीत कुणी पाचोळा पेटवला तरी मी गॅलरीत जाऊन हे कुठे आहेत ते बघते.

मला वाटायचं, घाबरट मी एकटीच. परवा पोळ्या करताना तंद्रीत मी ह्यांना नावाने हाक मारली, डबा वरून काढून द्या म्हणायला. हे अंघोळीतून तसेच धावत आले, अंगाला साबण, चेहरा पांढराफटक.

“आग कुठे लागलीय?” त्यांनी विचारलं.