मांगरातली पट्ट्याची करवत

वखारीतला माणूस मला म्हणाला, "मावशी, एवढी हौस असेल तर शिलाई मशीन घ्या की." आणि वर हसला. मी नाटे बंदरातली, मासे विकणाऱ्या घरातली. माझा आवाज एकदा सुटला की समोरचा माणूस दार शोधायला लागतो. पण त्या दिवशी मी गिळून गप्प बसले, कारण मला त्याच्याकडून माहिती हवी होती. गरज माझी होती, त्याची नव्हती.

मला बँडसॉ घ्यायचा होता. पट्ट्याची करवत. वर एक चाक, खाली एक चाक, दोन्हींवरून फिरणारा दातेरी पोलादी पट्टा आणि मधे टेबल. टेबलावर लाकूड पुढे सरकवायचं, पट्टा कापत जातो. वखारीत ओंडके चिरतात तसलंच, पण घराला झेपेल एवढं. आमच्या घरामागे मांगर आहे, पत्र्याची मोठी शेड. तिथंच ह्यांचं सुतारकाम चालायचं. चालायचं म्हणते, कारण शिमग्यानंतर ह्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली.

डॉक्टर म्हणाले, पाय परत आलाय, हात हळूहळू येईल, फक्त माणूस चालता ठेवा. कसला चालता! पडवीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचे ते पडायचेच. हात दाबायला दिलेला चेंडू खाटेखाली गेला, तो तिथंच राहिला. बोलता येत होतं, जीभ थोडी जड झाली होती एवढंच, पण बोलायचं नाव नाही. आणि एका दुपारी मी पेज भरवत असताना आपणहून म्हणाले, "करवती कुणाला तरी देऊन टाक."

माझा चमचा हातातच राहिला. सुतारानं करवती देऊन टाक म्हणणं म्हणजे काय, ते सुताराच्या बायकोला विचारा. पावसात छप्पर गळलं तर हा माणूस आधी करवती हलवायचा आणि मग अंथरूण. मी म्हटलं, "जळ्ळं मेलं बोलणं तुमचं! खावा गप." पण हे मरायच्या तयारीला लागले होते आणि ते मला कळलं होतं.

विरारहून धाकट्या दिराचा फोन यायचा. "वहिनी, दादाला इकडे आणा. मांगर भाड्यानं द्या. गणपतीला येईन तेव्हा घेऊनच जातो." तो वाईट माणूस नाही, प्रेमानंच सांगायचा. पण तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत, खिडकीला जाळी, बाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत. इथली एक भिंत बघत पडलेत, तिथं चार भिंती मिळाल्या असत्या. तिथं नेलं तर हे परत यायचे नाहीत, ही माझी खात्री होती. गणपतीच्या आत ह्यांना खाटेवरून उठवायचं, नाहीतर संपलं. दुसरं काही मला सुचत नव्हतं.

म्हणून मशीन. डाव्या एका हातानं चालवता येईल असं. ह्यांच्याकडे गोल पात्याचं एक होतं, ते मी आधीच बाद केलं. ते पातं अडकलं की फळी उलटी अंगावर फेकतं, धडधाकट माणसालाही तो हिसका आवरत नाही. पट्टा लाकूड खाली टेबलावरच दाबून धरतो, फेकत नाही. हे मला फोनवरच्या व्हिडिओंत कळलं. भाकऱ्या थापता थापता मी ते व्हिडिओ बघायचे. अर्धे परक्या भाषेतले, पण लाकूड कसं सरकतं ते बघायला भाषा कशाला लागते?

कोल्हापूरच्या दुकानदारानं आधी टेबलावर ठेवायचं एक गोजिरवाणं मशीन दाखवलं. मी विचारलं, "ह्यात फणसाचा ओंडका उभा जाईल काय?" तो म्हणाला, "ओंडका कशाला ताई, ह्यात खेळणी मस्त होतात." खेळणी! मला पाट करायचे होते. आमच्याकडे ज्याच्या त्याच्या घरचा पाट आधी मूर्तिकाराकडे नेऊन ठेवतात आणि त्याच पाटावर त्या घरचा गणपती घडतो. जुना पाट पिचला की नवा लागतो, तो फणसाचा. ह्या वर्षीही वाडीतल्या लोकांनी सवयीनं येऊन पाट सांगितले होते आणि नाही म्हणायला माझी जीभ वळली नव्हती. मी दुकानदाराला म्हटलं, उभं राहून चालवायचं दाखवा, ओतीव लोखंडाच्या चाकांचं, घरच्या विजेवर चालणारं आणि बंद करायची कळ पायाशी असलेलं. तो गडी सरळच बसला. "ताई, प्लग लावा आणि चालवा, एवढंच काम," म्हणाला. त्याच्या तोंडात साखर पडो, तेव्हा मला ते खरं वाटलं.

टेम्पो घाट उतरून आला. वाडीतल्या पुरुषांनी मशीन मांगरात नेऊन ठेवलं आणि ते एका पायावर डुगडुगायला लागलं, कारण आमची जमीन जांभ्याची, कुठं उंच कुठं खोल. मी पडवीत जाऊन विचारलं, "अहो, पायाखाली काय घालू? तोंड कुठं करू त्याचं?" हे भिंतीकडे बघत राहिले. पाचर घालायला सांगायला काही लागतं का? ह्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या दारांना पाचरी मारल्या. मग मीच सागाच्या चकत्या घातल्या आणि पाण्याची वाटी टेबलावर ठेवून पाणी सरळ राहीपर्यंत त्या ठोकत बसले.

पट्टा चढवताना पहिल्यांदा दात वर करून बसवला. दात खाली हवेत, हे बघून बघून पाठ झालं होतं, तरी हात घाईत उलटा गेला. पुन्हा काढला, पुन्हा घातला. वरचं चाक कळीनं वर ओढून ताण दिला, हातानं चाक फिरवून पट्टा मधोमध चालतोय का बघितलं, झाकणं लावली आणि बटण दाबलं. चालला हो! आंब्याचा एक ढलपा सरकवला, तो लोण्यासारखा कापला गेला. मी मांगरातूनच ओरडले, "अहो, ऐकलंत काय? चालला!"

काठी टेकत दाराशी येतील, निदान काय गो म्हणून विचारतील, असं वाटलं होतं. मी ढलपा हातात घेऊन पडवीत गेले. ह्यांनी डोळे मिटून घेतले होते. झोपले नव्हते, मला झोपेतला श्वास कळतो. तो ढलपा मी चुलीत घातला.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांची औषधं आणायला रत्नागिरीत गेले. परत येऊन मशीन सुरू केलं तर पट्टा सरसर पुढं सरकला आणि चाकावरून उतरून झाकणावर धाडकन आदळला. म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल. पुन्हा बसवला. पुन्हा उतरला. चाकाचा कल थोडा मागे घेतला, थोडा पुढे घेतला. उतरलाच. पट्ट्यामागची बेअरिंगं सैल केली, घट्ट केली, पायाखालच्या चकत्या बदलल्या. शेवटी चिडून ताण एवढा वाढवला की पट्टा आतल्या आत फाडकन तुटला. झाकण होतं म्हणून वाचले.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "तुमच्याकडे हवा दमट असते ना, त्यानं होतं." हवा दमट! अरे मेल्या, विकताना कोकणात पाऊस पडतो हे ठाऊक नव्हतं तुला? मग म्हणाला, "हे तसं बाईमाणसाचं काम नाही, ताई." त्याला मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. नवा पट्टा मात्र त्यानं घाबरून लगेच पाठवला.

नवा पट्टा येईपर्यंत उघड्या चाकांवर मांगरातला भुसा बसला होता, तो झाडूनं झाडून पट्टा चढवला, तो दिवसभर चांगला चालला. दोन पाटांच्या फळ्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी मी शेजाऱ्यांच्या लावणीला गेले, आमच्या लावणीला ते येतात म्हणून जावंच लागतं. चिखलाचे पाय धुऊन संध्याकाळी मांगरात आले, बटण दाबलं, तर धाड! परत तेच. मी दर वेळी जाऊन आले की हे मशीन का बिघडतं? मला वाटायला लागलं, कुणीतरी करणी केली. हसू नका. माणूस पार खचला की काहीही वाटतं. देवळातल्या गुरवाकडे जाऊन नारळसुद्धा ठेवून आले. त्या दिवशीही परत आल्यावर पट्टा उतरलाच.

तेव्हा मी भुशात बसून रडले. मोठ्यानं, गळा काढून. गणपती तोंडावर आले होते, पाटांची माणसं चौकशी करून जात होती आणि ज्याच्यासाठी हा सगळा आटापिटा, त्याला आत माझं रडणं ऐकू जात होतं तरी हूं की चूं नाही. मी तशीच पडवीत गेले आणि ह्यांच्या पाठीला म्हटलं, "मरायचंय ना तुम्हाला? मरा. मी हरले. मला नाही जमत." आणि त्यांच्यासमोरच दिराला फोन लावला. "भावोजी, या. येऊन घेऊन जा ह्यांना." तो म्हणाला, "तिकीट काढतो, वहिनी." मी फोन ठेवला. ह्यांची पाठ हलली नाही.

मशीन परत पाठवायचं ठरवलं. दुकानदार खळखळ करत होता, म्हणून म्हटलं निदान पुसून स्वच्छ देऊ, बोलायला जागा नको. झाकणं उघडली आणि जुनं धोतर फाडून वरचं चाक पुसायला घेतलं. फडकं रबरावरून सुळकन घसरलं. ओतीव चाकाच्या कडेवर रबर असतं, पट्टा त्यालाच धरून फिरतो. ते रबर बुळबुळीत होतं. फडकं नाकाला लावलं. खोबरेल.

मी खालचं चाक बघितलं. तेल. पट्टा बघितला, आतून बाहेरून, दातांच्या मुळापर्यंत तेल. टेबल, कळीचे आटे, बेअरिंगं, सगळ्याला पातळ, एकसारखा हात फिरलेला. ओघळ एकही नाही. आमच्या घरात बारा महिने खोबरेलाचा वास, माझ्या हातांनाही तोच, मला वेगळा कसा कळणार? आमच्याकडे पावसात लोखंड उघडं ठेवलं की चार दिवसांत लाल होतं. कोयता असो, विळी असो, करवत असो, काम झालं की तेलाचं बोट फिरवायचंच. पण हे मी केलेलं नव्हतं. आणि घरात माणसं दोनच.

पडवीत गेले. दुखऱ्या हाताला चोळायला म्हणून उशाशी तेलाची बाटली ठेवली होती, ती तळाला लागलेली. म्हणजे मी घराबाहेर पडले की हा माणूस उठत होता. शेवाळलेलं अंगण ओलांडत होता. डाव्या हातानं झाकणांच्या कळा उघडून, चाक हातानं फिरवत फिरवत तेल लावत होता आणि मी यायच्या आत परत येऊन भिंतीकडे तोंड करत होता.

"अहो," मी म्हटलं, "मशीनच्या चाकांना तेल तुम्ही लावलंत?"

भिंतीकडूनच आवाज आला, "गंजला असता पट्टा."

"अहो पण रबराला कोण तेल लावतं! पट्टा घसरतो त्यानं! मी इकडं जीव टाकतेय, देवाला नारळ ठेवतेय आणि तुम्ही..." मला हसू येत होतं आणि रडू आवरत नव्हतं.

हे वळले. किती महिन्यांनी ह्यांनी आपणहून तोंड माझ्याकडे केलं. रागावलेले होते. "मला काय म्हायत? आपल्याकडं असला मशीन कधी होता? भुसा चोळ त्याला. भुसा तेल पितो." आणि दम घेऊन, "आणि मी विरारला नाय जायचा."

"मग माझ्यासमोर का नाही उठलात?" मी विचारलं. "मी ओरडून ओरडून मेले. एकदा तरी दाराशी यायचं होतं."

ह्यांनी खाली बघितलं. वाकडं झालेलं तोंड आणखी वाकडं झालं. "तुझ्यादेखत पडलो असतो मग?"

मी काठी पुढे केली. हे उठले, पडवीची पायरी उतरले, मी मागे. अंगणाच्या मध्यावर शेवाळावरून पाय सटकला आणि हे बदकन चिखलात बसले. माझा हात पुढे गेला होता, तो मी मागे घेतला. हे काही क्षण तसेच बसून राहिले, लुंगी पार भिजली. मग डोकं वर करून माझ्यावर खेकसले, "बघतंस काय नुसती? हात दे."

मी हात दिला.