न्हाणीघर बघून घेतलेली खोली

मी गवंडी, तो नळकाम करणारा. खिशात कायम वायसर असायचे, म्हणून आम्ही त्याला वायसरच म्हणायचो. काम चोख, पण दुसऱ्याच्या शब्दावर भरवसा शून्य.

परदेशात राहणाऱ्या त्याच्या लेकीचं ऑपरेशन ठरलं. तो आणि बायको दोघंही निघाले. इस्पितळाजवळचं हॉटेल त्यानेच निवडलं, मोबाइलवर न्हाणीघरांचे फोटो मोठे करकरून. पुतण्या म्हणाला, “काका, राहून आलेल्यांनी काय लिहिलंय ते वाचा. नाहीतर सरळ फोन करून विचारा.”

“लोक काहीही लिहितात रे. ज्याचं न्हाणीघर नीट, त्याचं सगळं नीट.”

जन्मात कधी अंगचोरी न केलेल्या माणसाने एक फोन करायचे कष्ट घेतले नाहीत.

नळ फोटोतल्यासारखेच निघाले. पण खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि खाली एकही खोली रिकामी नाही. बायकोचे गुडघे आधीच कामातून गेलेले. ती पायरीवर बसून, एकेक पायरी मागे सरकत वर गेली. खोलीत पोचल्यावर म्हणाली, “नळ छान आहेत हो.”

सकाळी तिचे गुडघे सुजून टणक झाले. जिना उतरणं शक्यच नव्हतं. इस्पितळात तो एकटाच गेला. ऑपरेशनला आत नेताना लेकीने विचारलं, “आई कुठंय?”

“येतेय,” तो म्हणाला.

लेक बरी झाली. पण हे सांगताना वायसर अजून मान वर करत नाही. परवा माझा जावई परदेशी निघाला, तेव्हा त्याला एवढंच म्हणाला, “आधी फोन करा. जिन्याचं विचारा.”