ताडी प्यायलेली टाकी

जगात मोडकी वस्तू नावाची गोष्टच नसते, असं छातीठोकपणे मानणारा माझ्या माहितीतला एकमेव माणूस म्हणजे माझे सासरे. त्यांच्या मते वस्तू मोडत नाही, फक्त आजारी पडते. छत्री आजारी पडते, कुलूप आजारी पडतं, विहिरीवरचा पंप तर वर्षातून दोनदा तापाने फणफणतो; आणि ज्याअर्थी आजार आहे त्याअर्थी उपचार हा असलाच पाहिजे. त्यामुळे वाणगावजवळच्या त्यांच्या चिकूच्या वाडीतून गेल्या चाळीस वर्षांत काही म्हणून बाहेर टाकलं गेलेलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला मी माझी तुटकी चप्पल त्यांच्या कुंपणापलीकडे भिरकावली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिवून, पुसून माझ्या उशाशी ठेवलेली होती आणि सासरे शेजारी उभे होते. "जावईबापू, हिला नुसता अंगठ्याचा त्रास होता," ते म्हणाले. मी घाटावरचा माणूस, बोईसरच्या एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करतो आणि जे बिघडतं ते नोंद करून टाकून देतो. त्या दिवशी आम्ही दोघांनी एकमेकांना नीट ओळखलं.

सासरे धंद्याने डायमेकर. त्यांच्या भागात हा शब्द घरोघरी ठाऊक आहे, पण बाहेरच्यांना सांगावा लागतो. दागिन्यांचे साचे पोलादात कोरायचे हे त्यांचं काम. त्या साच्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून ठोकला की कर्णफूल तयार, बाळीचा मोर तयार. चाळीस वर्षं त्यांनी ओटीवर खिडकीशी बसून, डोळ्याला भिंग लावून, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत पिसारे फुलवले. ते भिंग इतकं अंगवळणी पडलं आहे की ते मासळीसुद्धा भिंगातून बघून घेतात. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. माझा हात हातात घेऊन बोटातली अंगठी भिंगाखाली धरली आणि बराच वेळ बघून म्हणाले, "या वेलीला एक पान कमी हाय." माझ्या वडिलांना तो नकार वाटला. नंतर कळलं, की ज्याच्या अंगठीबद्दल ते बोलतात तो माणूस त्यांना पसंत असतो.

या माणसाकडे एक गाडी आहे. ती ज्यांनी बनवली त्यांचा कारखाना कधीच बंद पडला, तिचे सुटे भाग मिळायचे बंद झाले, तिच्या वयाच्या बाकीच्या गाड्या वितळून त्यांचे पत्रेही झाले असतील. ही मात्र वाडीत पत्र्याच्या शेडखाली दिमाखात उभी असते. गोल दिवे, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा आणि रंग पिकल्या चिकूचा, जो सासऱ्यांनी स्वतः कालवला आहे. तिला ते 'बाय' म्हणतात, आपल्या मुलीला म्हणतात तसंच. घरात "बाय कुठं गेली?" असा प्रश्न आला, की माझी बायको आणि गाडी यांपैकी कोण, हे आवाजातल्या काळजीवरून ओळखायचं असतं. काळजी जास्त असली तर गाडी. हॉर्न वाजवणं त्यांना उद्धटपणा वाटतो. पुढे बैलगाडी असेल तर ते बैलगाडीच्या चालीने जातात आणि त्या गाडीवानाशी खिडकीतून गप्पा मारतात.

तर ही बाय गेल्या वर्षी अडखळायला लागली. चार किलोमीटर गेली की गचके द्यायची आणि थांबायची. सासरे उतरायचे, नळी सोडवायचे, तोंड लावून जोरात फुंकायचे, गाडी पुढचे चार किलोमीटर जायची. त्यांच्या तोंडाला पेट्रोलचा असा वास येऊ लागला, की सासूबाईंनी त्यांना देवघरात दिवा लावायची बंदी केली. शेवटी मीच आग्रह करून गाडी बोईसरच्या गॅरेजात नेली. मेकॅनिकने डिकीखाली डोकं घातलं, टाकीवर दोन टिचक्या मारल्या आणि निकाल दिला, "चाचा, अंदर पूरा जंग है, नीचे से भी सड़ गई है. टंकी फेंक दो, प्लास्टिक का डिब्बा लगा देता हूँ." सासऱ्यांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्या बिचाऱ्याने हातातला पाना खाली ठेवला. परत येताना वाटेत ते एकच वाक्य बोलले: "पोटात दुखतंय म्हणून पोट फेकतात काय?"

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण त्याच सुमारास गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. पालघरला तपासणी होणार होती. बाय आपल्या चाकांवर तिथवर पोचली आणि पास झाली तर पुढची पाच वर्षं मिळणार, नाहीतर भंगारात. एकदा सासूबाईंनी मला मागच्या दारी बोलावलं आणि वालाच्या शेंगा सोलता सोलता सांगितलं, की गेल्या दोन वर्षांत यांच्याकडे साच्याचं एकही काम आलेलं नाही. आता ते काम मशीन करते, दुपारभरात वीस. शिवाय यांचा हात हल्ली जरा थरथरतो, पण ते कबूल करत नाहीत. "ही गाडी गेली तर हा माणूस खिडकीशी बसून र्‍हाईल, आणि मग उठायचा नाय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा सोलू लागल्या. त्यानंतर टाकीची चेष्टा करायची मला हिंमत झाली नाही.

टाकी उतरवायला आम्हाला एक आख्खा रविवार लागला. 'आम्हाला' म्हणजे मी गाडीखाली उताणा आणि सासरे बाहेर खुर्चीवर, कारण जावयाचा मान. गंजलेला एकेक नट सुटताना माझ्या डोळ्यांत मूठभर माती पडत होती आणि बाहेरून सूचना येत होत्या, "तिला सांगून सोडवा जावईबापू, हिसका देऊ नका." टाकी खाली आली तेव्हा आत कोणी खडी भरली असावी असा आवाज झाला, आणि गंजाची खपली निखळून तळाला बोट जाईल एवढं भोक पडलं. मी माझी विद्या पाजळली: कारखान्यातून अमुक आम्ल आणतो, तासाभरात गंज साफ. सासऱ्यांनी मान हलवली. "तुमचं आम्ल गंज खातं आणि पोट नाय भरलं तर लोखंडपण खातं. आपल्याला सावकाश खाणारं पायजे." आणि त्यांनी आंबून कडक झालेल्या ताडीचे दोन कॅन मागवले. रसायनशास्त्राच्या दृष्टीने यात काही चूक नव्हती. ताडी आंबली की तिचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, होतो आणि शिरका गंज सोडवतो. पण भोकाला रबराचं बूच मारून ती टाकीत ओतली तेव्हा जो वास सुटला, त्याने वाडीत तीन वाटसरू थांबले. शेजारच्या काकांनी कुंपणावरून विचारलं, "आता गाडीलापण पाजता काय?"

आणि इथे सासऱ्यांनी चूक केली, समुद्रकाठच्या माणसानेच करावी अशी. आतला गंज खरवडायला काहीतरी खडबडीत हवं म्हणून त्यांनी ताडीत दोन ओंजळी शिंपल्या टाकल्या. टाकीच्या तोंडातून भसाभसा फेस आला. "बघा, गंज ओकतेय," ते खुश होऊन म्हणाले. मी सांगायला गेलो, की शिंपली म्हणजे चुना, चुना आंबटपणा मारतो, फेस गंजाचा नाही. पण एवढ्या आनंदात कोण ऐकतो? तीन दिवसांनी पाहिलं तर गंज जिथल्या तिथे आणि ताडी निर्जीव. मी प्रयोगशाळेतून लिटमस कागद आणला. निळा कागद आत बुडवला; आंबटपणा उरला असता तर तो लाल झाला असता, तो निळाच राहिला. सासऱ्यांनी तो भिंगाखाली धरला, उलटसुलट करून पाहिला, आणि मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच हार मानली. "घाटावरच्या माणसाला शिंपली कळली," एवढं प्रमाणपत्र मला मिळालं. ते मी अजून जपून ठेवलं आहे.

दुसऱ्या वेळी ताडी नवी आली आणि शिंपल्यांच्या जागी त्यांनी आपल्या झिजलेल्या छिन्न्यांचे तुकडे टाकले. टाकी हलवणार कशी? ओटीवर झोपाळा होता. त्याच्या एका टोकाला टाकी दोरीने आवळली, दुसऱ्या टोकाला वजन म्हणून सासूबाईंना बसवलं. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ झोपाळा चालला. सासूबाई भाजी निवडायच्या, सासरे पायाने झोका द्यायचे आणि टाकी खळखळ वाजायची. येणारीजाणारी बारसं कधी म्हणून विचारायची. आठव्या दिवशी काळंकुट्ट पाणी निघालं. सोड्याच्या पाण्याने चार वेळा धुऊन, उन्हात वाळवून मी आत बॅटरी मारली, तर पत्रा करडा, स्वच्छ, नव्यासारखा. मी खरंच थक्क झालो. आमच्या प्रयोगशाळेत हे काम इतकं हळुवार कोणाला जमलं नसतं, हे मी तिथे जाऊन सांगितलंसुद्धा.

राहिलं भोक. त्यावर पितळेचा पत्रा बसवून कथील वितळवून झाळायचं होतं. पेट्रोलच्या टाकीजवळ विस्तव म्हटल्यावर मी दोन पावलं मागे सरलो. सासऱ्यांनी शांतपणे सांगितलं, की टाकी उलटी ठेवून भोकापर्यंत पाण्याने भरायची, म्हणजे पेट्रोलच्या वाफेला आत जागाच राहत नाही. ते बरोबरच होतं. पण मला मात्र त्यांनी तिथे थांबू दिलं नाही. जावयासमोर आगीचं काम करत नाहीत म्हणाले. असा काही रिवाज आहे का, ते सासूबाईंनाही सांगता आलं नाही. अर्ध्या तासाचं ठिगळ, त्याला त्यांनी चार दिवस घेतले. चारही दिवस खिडकीशी, डोळ्याला भिंग लावून. सासूबाई म्हणाल्या, हात थरथरतोय म्हणून वेळ लागत असेल, तुम्ही काही बोलू नका. टाकी परत चढवलीही त्यांनी मी कामावर गेलो असताना.

तपासणीच्या दिवशी सासऱ्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. वाणगावहून निघालो, बोईसर मागे पडलं, आणि दर चार किलोमीटरला मी श्वास रोखत होतो. बाय एकदाही अडखळली नाही. पालघरला मैदानात गाड्यांची रांग होती आणि तपासायला एक तरुण अधिकारीबाई होत्या. त्यांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, नंबर जुळवला. "टाकी बदललीत का, काका?" "नाय. बरी केली," सासरे म्हणाले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी बॅटरी घेतली, गुडघ्यावर बसून गाडीखाली पाहिलं आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. माझी पाचावर धारण बसली. मग त्यांनी मला हाक मारली, "हे काय आहे? ही लिपी कुठली?"

मी त्या धुळीत आडवा झालो. टाकीच्या तळाला तळहाताएवढं पितळ होतं. कडेने चिकूची डहाळी कोरलेली, पानापानाच्या शिरा दिसाव्यात इतकी बारीक, आणि मधे दोन ओळी अक्षरं. मला वाचता येईनात. मग लक्षात आलं, ती उलटी होती, आरशात दिसतात तशी. साचा उलटा कोरायचा, म्हणजे दागिना सुलटा उमटतो. चाळीस वर्षं उलटं कोरणाऱ्या हाताने इथेही उलटंच कोरलं होतं. मी एकेक अक्षर लावत गेलो. ते सासऱ्यांचं नाव होतं. खाली गावाचं नाव. हजारो बायकांच्या कानात, गळ्यात या माणसाचं काम आहे, आणि साच्यावर कधी कोणी नाव घालत नाही. आयुष्यात त्यांनी पहिल्यांदा स्वतःचं नाव कोरलं होतं, तेही कुणाला दिसणार नाही अशा जागी.

मी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा सासऱ्यांचा चेहरा उतरला. त्यांना ठाऊकच नव्हतं. "उलटं आलं?" ते म्हणाले. "हाताला तेवढंच येतं. आता हे उमटायचं कुठं?"

माझ्या खिशात कपड्याच्या साबणाची वडी होती. टाकी वाटेत गळली तर भोकावर साबण चेपून वेळ निभावता येते, म्हणून निघताना मी ती गुपचूप घेतली होती; सासऱ्यांना कळलं असतं तर त्यांच्या उपचारांवरचा तो अविश्वास ठरला असता. पण आता लाज बाळगण्यात अर्थ नव्हता. मी वडी पाण्याने जरा मऊ केली, पुन्हा गाडीखाली गेलो, त्या पितळेवर अंगठ्यांनी दाबून धरली आणि सोडवून त्यांच्या हातात दिली. पिवळ्या साबणावर डहाळी उठली होती, आणि मधे त्यांचं नाव, सुलटं, एकही मात्रा न चुकलेलं. सासऱ्यांनी खिशातून भिंग काढलं. अधिकारीबाई त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहत होत्या. थरथरणाऱ्या हाताचा एकही ओरखडा त्यात नव्हता. बाईंनी कागदावर सही केली आणि म्हणाल्या, "काका, गाडी पास आहे." मला त्या क्षणी असा अभिमान वाटला, की रांगेतल्या प्रत्येक ड्रायव्हरला जाऊन सांगावं, हे माझे सासरे.

तो साबण मी घरी रुमालात गुंडाळून आणला आणि काचेच्या कपाटात ठेवायचं सासूबाईंशी बोलूनही ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर सासरे गाडीचं ग्रीस लागलेले हात विहिरीवर धूत होते, त्याच वडीने. डहाळी विरघळून गेली होती, नावाचं शेवटचं अक्षर तेवढं जरासं उरलं होतं, तेही माझ्या डोळ्यांदेखत फेसात गेलं. मला फार वाईट वाटलं. अहो, हे काय केलंत, एवढंच कसंबसं म्हणालो.

त्यांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"साचा हाय ना खाली," ते म्हणाले. "तुमाला वाटेल तेवा काढा."