भाऊंचं दुसरं विमानतळ

फोन आला तेव्हा मी नागपुरात जरीपटक्याच्या बाजारात भाजी निवडत होते. प्रताप नगरातले भाऊंचे शेजारी बोलत होते, "ताई, भाऊ उठूनच नाही राहिले. लवकर या." माझे थोरले भाऊ झोपेतच गेले होते. रडणं झालं, दिवस झाले, पण माझ्या डोक्यातला गोंधळ काही जात नाही...

भाऊंना स्वस्त विमानांचा भारी नाद. सामानाचं वजन वाढू नये म्हणून एकावर एक तीन शर्ट घालून बसायचे आणि घामाघूम होऊन उतरायचे. वर बागेतल्या मित्रांची शिकवणी. "तिकीट काहून स्वस्त आहे, ते पाहा ना गा! दिल्ली म्हणते अन् उतरवते गाझियाबादले. उतरायचं कुठं, ते आधी वाचाचं." आता अशा माणसाची चूक झाली असेल, हे मी कसं मानू?

वहिनी गेल्या तेव्हा त्यांचा मुलगा निखिल वेळेवर पोचला नाही. ते भाऊंनी मनात धरलं आणि बापलेकांचं बोलणं तुटलं. पनवेलला निखिलच्या घरी नात झाली, चालायला लागली, तरी भाऊंनी तिला पाहिलेलं नव्हतं. मी दोघांच्या मागे लागले, तेव्हा कुठे भाऊंनी मुलाला फोन केला. "शनिवारी दुपारच्या विमानानं मुंबईले येऊन राहिलो," एवढंच बोलले. निखिल मुंबईच्या जुन्या विमानतळावर जाऊन उभा राहिला. भाऊ उतरले नवी मुंबईच्या नव्या विमानतळावर. प्रवासात बंद केलेला फोन घरी पोचेपर्यंत सुरू करायचा नाही, ही त्यांची खोड. निखिलला वाटलं, बाबा आलेच नाहीत. भाऊंना वाटलं, पोरगा न्यायला आला नाही. संध्याकाळच्या विमानाने स्वारी नागपूरला परत!

खरा प्रकार कळल्यावर मी तणतणत प्रताप नगरला गेले. "भाऊ, तुमी दुसऱ्याच विमानतळावर उतरले होते!" मला वाटलं, कपाळावर हात मारून घेतील. ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "मले माहीत होतं वं."

माहीत होतं म्हणजे काय? नवं विमानतळ पोराच्या घराजवळ, म्हणून मुद्दाम तेच निवडलं आणि त्याला ते आपोआप कळेल असं धरून चालले? की चुकलेच होते आणि माझ्यापुढे ताठा? आणि माहीत होतं तर एक फोन करायला काय झालं होतं? मी चिडून निघून आले. पुढच्या महिन्यात ते गेलेच.

घाटावरून आल्यावर निखिल पोरीला कडेवर घेऊन भाऊंच्या खोलीत माझ्याजवळ आला. "आत्या, बाबाले खरंच माहीत होतं का? मले भेटायचंच नव्हतं का त्यायले?" मी त्याला बसायला म्हणून पलंगाखालची चटई ओढली, तर तिच्याबरोबर भाऊंची बॅग बाहेर आली. भरलेली. वर बारक्या फ्रॉकची घडी, खाली संत्रा बर्फीचा डबा.

"तेव्हाचीच राहिली असंन," निखिल म्हणाला.

मी डबा उघडला. बर्फी मऊ होती, ताजी. त्या शनिवारची असती तर केव्हाच बुरसली असती.  निखिलने एक वडी मोडून पोरीच्या तोंडात घातली. सुतकात गोड नको, हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी डबाच त्याच्यापुढे सरकवला.

भाऊ पुन्हा निघाले होते. कुठल्या विमानतळावर उतरणार होते, कोण जाणे.