पिवळा पट्टा

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या मालकांनी माझ्या बरणीतली अर्धी चिंच उचलली, वर स्टोव्हच्या रॉकेलची बाटलीही नेली. मी तोंड सोडलं, पण ऐकतात होय! कोल्हापूरजवळच्या एका कारखान्यात ते बॉयलरवर होते. कोळशावर वाफ करायची, वाफेवर वीज. त्या दिवशी तिथलं लोखंड न् लोखंड घासून, हळदकुंकू वाहून, झेंडूच्या माळा घालून पुजायचं ही त्यांची हौस. स्टोअरात पडलेलं सुटं सामानसुद्धा सोडायचे नाहीत. घरचे देव घासायचे मात्र मीच. संध्याकाळी मालक काळेकुट्ट हात घेऊन खुशीत घरी आले.

दिवाळीनंतर बॉयलरच्या काही नळ्या बदलल्या. उन्हाळ्यात त्यातली एक फुटली आणि मालक नेमके समोर. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. सरकारी दवाखान्यात मीच त्यांना घास भरवायची.

त्याहून मोठा दणका पुढंच होता. साहेब म्हणाले, यांनी बॉयलरमधलं पाणी कमी पडू दिलं म्हणून नळी फुटली, आता नोकरी राहत नाही. माझं डोकंच फिरलं. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवरची नजर न काढता भाकरी खाणारा माणूस तो! साहेबांना मी तोंडावर सुनावलं, पण माझं कोण ऐकतंय.

माझा भाऊ त्याच कारखान्यात लेथवर. एके दुपारी तो धापा टाकत दवाखान्यात आला आणि पिशवीतून नळीचे दोन तुकडे काढले. एक जाडजूड, शाबूत. दुसरा बाहेरच्या अंगानं झिजून पापडासारखा झालेला. दोन्ही एकाच दिवशी, शेजारी शेजारी बसवलेल्या नळ्यांचे. माझा विश्वासच बसेना. लोखंड असं कोण खातं?

कोळशाचा धूर आणि राख खाते, भाऊ म्हणाला. साधं लोखंड त्या आचेत टिकत नाही, म्हणून तिथं क्रोमियम मिसळलेल्या धातूच्या नळ्या लागतात. दिसायला दोन्ही सारख्याच. फरक एवढाच की मिश्रधातूच्या नळीवर रंगाचा पिवळा पट्टा मारलेला असतो. भावानं स्टोअरात जाऊन बघितलं, तर एकाही नळीवर पट्टा नाही, सगळ्या एकाच ढिगात. त्यातलीच एक साधी नळी चुकून बसवली गेली होती.

"दाजी, पाण्याचा काय बी संबंध न्हाय. तुमच्यावरचा आळ गेला म्हणून समजा," भाऊ म्हणाला. "कुण्या येड्यानं पट्टं पुसल्यात, तेवढा गावला की झालं."

माझा जीव भांड्यात पडला. आता तरी हसतील म्हणून मी मालकांकडं वळले. ते त्या पातळ तुकड्याकडंच बघत होते. 

"चिंचंनं निघंनात," ते म्हणाले, "म्हणून मी रॉकेल लावलं."