बोटाला शाई नव्हती

मुलांनो, गेल्या आठवड्यात धाकटीने तिच्या शाळेतल्या निवडणुकीचे फोटो पाठवले. पुठ्ठ्याची पेटी, पडद्याआड शिक्का मारणारी मुलं, आणि खाली तिने लिहिलं होतं, 'आजी, अगदी खऱ्यासारखं केलं!' मी फोटो पुन्हा पुन्हा पाहिले आणि काहीच उत्तर दिलं नाही. ती रुसली, असं तुमच्या आईकडून कळलं. माझ्या गप्प राहण्यात तिची काही चूक नव्हती, हे तिला सांगायला हवं. आणि सांगायचंच तर तुम्हा सगळ्यांनाच सांगते.

मी पुण्यात समाजमानसशास्त्र शिकवत असे, एवढं तुम्हाला माहीत आहे. राजकारणाविषयी लोकांच्या मनात काय असतं आणि विचारल्यावर ते काय सांगतात, यांतलं अंतर हा माझा विषय होता. नव्वदच्या दशकात ग्रामपंचायतींत बायकांसाठी जागा राखीव झाल्या, तेव्हा बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली काही गावं मी अभ्यासाला घेतली. बारामतीत एक खोली भाड्याने घेतली. सकाळच्या एसटीने कधी पणदरे, कधी वडगाव निंबाळकर, कधी पार कळसपर्यंत जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असा क्रम होता. निवडणुकीआधी एक फेरी आणि नंतर त्याच माणसांकडे दुसरी फेरी, अशी अभ्यासाची आखणी होती.

अडचण पहिल्याच गावात लक्षात आली. तिथे कुणी एकटं सापडत नसे. ओट्यावर बसून प्रश्न विचारायला लागलं की सासरे, दीर, शेजारचे आबा, सगळे भोवती जमत. प्रश्न बाईला विचारला तर उत्तर दीर देई. एकदा मी म्हटलं की मला वहिनींचं स्वतःचं उत्तर हवं आहे. त्यावर दीर म्हणाला, "मग मी काय माझं सांगतोय व्हय? तिचंच सांगतोय." सगळे हसले, वहिनीही हसली, आणि माझ्या कागदावर दिराचं उत्तर उतरलं.

म्हणून मी डबा केला. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा घेऊन बारामतीतल्या पत्र्याचं काम करणाऱ्याकडून झाकणाला फट पाडून घेतली. झाकणाला लाखेचं सील लावलं. माझी एक जुनी सुती साडी पडद्यासाठी बरोबर ठेवली. त्या त्या वॉर्डात उमेदवारांना मिळालेली चिन्हं एका चिठ्ठीवर छापून घेतली. पडद्याआड जायचं, शिक्का मारायचा, चिठ्ठीची घडी घालून डब्यात टाकायची. कुणाला दिलं ते मला सांगायचं नाही आणि घरच्यांनाही सांगायचं नाही, हे मी प्रत्येकाला बजावून सांगत असे. चिठ्ठीवर नाव नाही, खूण नाही. गुप्तता पाळण्यात मी फार काटेकोर होते.

सुरुवातीला मी आणखी एक वाक्य म्हणत असे : 'हे खरं मतदान नाही.' पण ते ऐकलं की लोक हसत आणि कुठेही शिक्का मारून मोकळे होत. मग मी ते वाक्य काढून टाकलं. त्याऐवजी 'हे अभ्यासासाठी आहे' एवढंच म्हणायचं ठरवलं. लोक गंभीर झाले. पडद्यामागे वेळ घेऊ लागले. मला पद्धत सापडली असं वाटलं.

पणदऱ्याच्या पुढे एक गाव आहे. त्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या एका बौद्ध घरातली सून राखीव जागेवर उभी होती. चिन्ह छत्री. मी गेले तेव्हा ती प्रचाराला गेलेली होती आणि माझ्या यादीत नाव होतं तिच्या सासूचं. त्या आजी गोठ्यात होत्या. मी काय करायचं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, "थांबा वाईच," म्हणाल्या आणि आत गेल्या. हातपाय धुऊन, पांढरं धुतलेलं पातळ नेसून बाहेर आल्या. पडद्याआड गेल्या. चिठ्ठी डब्यात टाकली आणि डावा हात माझ्यापुढे केला. पायरी उतरायला आधार हवा असेल म्हणून मी तो हात धरला. त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या, मग हळूच हात सोडवून घेतला. परतताना एसटीत मी खूश होते. इतक्या मन लावून उत्तर देणाऱ्या बाई मला कुठेच भेटल्या नव्हत्या.

निवडणूक झाली. सून थोडक्या मतांनी पडली.

दुसऱ्या फेरीला गेले तेव्हा घरात काहीतरी बिनसलं होतं, ते उंबऱ्यातच कळलं. आजी एका कोपऱ्यात धान्य निवडत होत्या. सून दुधाची किटली घासत होती. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. माझ्या फेरीतला पहिला प्रश्न साधा होता : मत दिलं का?

"दिलं की," आजी म्हणाल्या.

किटलीचा आवाज थांबला. "पुन्हा तेच. बोट बघा त्यांचं, बाई. साऱ्या गावाच्या बोटाला शाई हाय, यांच्याच न्हाय. मतदानादिवशी मी सोता न्यायला आले तर म्हनल्या, मी दिलंय. रेटून खोटं. हापशावर बाया काय बोलत्यात ठावं हाय? घरचं मत पडंना अन् चालली पंचायतीत बसायला."

"मी खोटं न्हाय बोलत," आजी म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "या बाईंच्या पेटीत टाकलंय. यांच्यापुढं. शाई राहिली लावायची, तवाच माझ्या मनात आलं व्हतं. पर म्हनलं शिकलेली बाई हाय, इसरली आसंल. आन् दोनदा कसं द्यायचं? एका मान्साला एकच मत हाय."

तो पुढे केलेला डावा हात मला तेव्हा समजला.

मी सांगितलं. जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं की तो डबा सरकारचा नव्हता, ती चिठ्ठी मोजली गेली नाही, ती पुण्याला माझ्या कपाटात आहे. सांगताना माझ्या लक्षात आलं की सुनेपुढे मी त्यांच्यावरचा खोटेपणाचा आळ पुसते आहे आणि त्याच वाक्यात त्यांना फसलेली ठरवते आहे. आजींनी सूप खाली ठेवलं.

"मंजे माझं मत कुटंच गेलं न्हाय," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, म्हणाल्या.

मी माफी मागितली. त्यांनी सूप पुन्हा उचललं. सून मात्र माझ्यासमोर येऊन बसली. तिला एकच हवं होतं : चिठ्ठी. तिच्यावर छत्री असेल तर ती हापशावर नेऊन दाखवणार होती. मला तिला सांगावं लागलं की सगळ्या गावाच्या चिठ्ठ्या एकत्र आहेत, कुठली कुणाची हे कुणालाच ओळखता येणार नाही. मीच तशी सोय केली होती.

"मग आजी, तुम्हीच सांगा ना," मी म्हटलं. "आता सांगितलं तरी चालेल."

"आसं कसं चालंल? तुमीच म्हनला, घरच्यांनाबी सांगू नका."

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. मग उठली, चुलीवर चहा टाकला आणि पहिला कप माझ्यापुढे न ठेवता सासूपुढे ठेवला. "घ्या आत्या," एवढंच म्हणाली. पुढे दोघींत काय झालं ते मला माहीत नाही. मी पुन्हा त्या घरी गेले नाही. जाण्यासारखं तोंडच राहिलं नव्हतं.

पुढच्या खेपेला तो वॉर्ड बायकांसाठी राखीव राहिला नाही. राखीव जागा फिरत्या असतात, हे मी वर्गात शिकवत असे. त्या सुनेला मिळालेली संधी तेवढीच होती. आजींच्या वस्तीवर मी आणखीही घरांत डबा नेला होता. त्यांतले किती जण आजींसारखेच मत देऊन झालं असं समजून घरी बसले असतील, हे मी दुसऱ्या फेरीत नीट विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.

अहवालात मी डब्याची पद्धत यशस्वी झाल्याचं लिहिलं, आणि शेवटच्या पानांत एक वाक्य : 'काही प्रतिसादकांना प्रक्रियेचा अर्थ पूर्णपणे समजला नाही.' ते वाक्य मला आजही वाचवत नाही. आजींना मतदानाचा अर्थ पूर्ण समजला होता.

तेव्हा धाकटे, तुमची पेटी छान झाली आहे. फक्त ती खरी नाही, हे दारावर मोठ्या अक्षरात लिहा, मग मुलं हसली तरी हसू देत.

बाकीच्या गावांचे कागद मी निवृत्त होताना रद्दीत दिले. त्या गावाच्या चिठ्ठ्या अजून डब्यात आहेत आणि डबा माझ्या कपाटात, खालच्या कप्प्यात आहे. त्यांतली एक आजींची आहे. कुठली, ते मला माहीत नाही.